कब्रस्तानची भिंत कोणतं सरकार बांधणार? देश, राज्य आणि गावकारभाराची वाटणी समजून घेऊ या

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. नववीच्या वर्गात नागरिकशास्त्राचा तास चालू होता. फळ्यावर केंद्र, राज्य, जिल्हा, तालुका, गाव अशी उतरंड काढून झाली होती आणि मुलं वहीत उतरवून घेत होती. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. "मॅडम, आपल्या कब्रस्तानची भिंत पडलीय. कुत्री आत शिरतात. अब्बू म्हणतात, सरकार काही करत नाही. तर मॅडम, यातलं कोणतं सरकार?"

वर्ग हसला. मला हसू आलं नाही, कारण प्रश्न अगदी बरोबर होता. त्या मुलाचे अब्बूच काय, आपल्यातले शिकले-सवरलेले लोकही "सरकार" हा एकच शब्द सगळ्यासाठी वापरतात. पासपोर्ट अडला तरी सरकार, नळाला पाणी आलं नाही तरी सरकार, शाळेत शिक्षक नाही तरी सरकार. खरं तर आपल्यावर एकाच वेळी तीन सरकारं आहेत. एक दिल्लीचं, एक मुंबईचं आणि एक आपल्या गावचं किंवा शहराचं. तिघांची कामं वेगळी, निवडणुका वेगळ्या, पैशाच्या वाटा वेगळ्या. चुकीच्या दारावर टकटक केली की दार उघडत नाही, आणि मग आपण म्हणतो, आपलं कुणी ऐकत नाही.

म्हणून हा लेख. मुलांच्या पाठ्यपुस्तकात हे सगळं आहे, पण परीक्षा झाली की ते विसरलं जातं. घरातल्या मोठ्यांनी एकदा शांतपणे वाचावं, एवढीच विनंती.

आधी शब्द बघू या

कारभाराचे आपले निम्मे शब्द अरबी-फारसीतून आलेत, हे उर्दू येणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं. जिल्हा म्हणजे ज़िला, मूळ अरबीत बाजू किंवा बरगडी. तालुका म्हणजे तअल्लुक़ा, संबंध असलेला भाग. तहसील म्हणजे वसुली, आणि महसूल हा त्याच धातूतला शब्द. अर्ज, हुकूम, नक्कल, दाखला, दफ्तर, कायदा, वकील, हद्द ही सगळी मंडळी त्याच वाटेने मराठीत आली आणि मराठीच झाली.

यामागे इतिहास आहे. अकबर बादशहाने १५८० मध्ये आपलं राज्य १२ सुभ्यांत वाटलं. सुभ्याखाली सरकार, सरकारखाली परगणा. म्हणजे "सरकार" हा शब्द त्या काळी जिल्ह्यासारख्या एका भागाचं नाव होता. एवढा मोठा मुलूख एका जागेवरून चालत नाही, हे त्यांना कळलं होतं. इंग्रजांनी इलाखे आणि प्रांत केले. आपल्याकडे मुंबई इलाखा, तिकडे मध्य प्रांत व वऱ्हाड, आणि मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. १९३६ पर्यंत तर सिंधसुद्धा मुंबई इलाख्यातच होता.

पण सुभेदार बादशहाचा नोकर असायचा आणि इलाख्याचा गव्हर्नर लंडनहून यायचा. लोकांनी त्यांना निवडलेलं नसायचं. आजही जगात अशी व्यवस्था आहे. आपली कोकणातली कितीतरी माणसं सौदीत कामाला आहेत. तिथे १३ विभाग आहेत, मक्का त्यातलाच एक, आणि प्रत्येक विभागाचा अमीर बादशहा नेमतो. भारतात तसं नाही. आपल्या राज्याचा मुख्यमंत्री पंतप्रधान नेमत नाहीत. आपण आमदार निवडतो आणि ज्याच्या मागे आमदारांचं बहुमत, तो मुख्यमंत्री होतो. राज्यपाल मात्र राष्ट्रपती नेमतात, म्हणजे प्रत्यक्षात केंद्र सरकारच्या सल्ल्याने. हा फरक मुलांना सांगितला की बाकीचं सोपं जातं.

राज्यं कशी बनली

आपल्या संविधानाच्या पहिल्याच कलमात भारत म्हणजे राज्यांचा संघ असं म्हटलंय. आज देशात २८ राज्यं आणि ८ केंद्रशासित प्रदेश आहेत. हा नकाशा आकाशातून पडलेला नाही. तो अनेकदा बदललाय.

स्वातंत्र्यानंतर लोकांची मागणी होती की एक भाषा बोलणाऱ्यांचं एक राज्य असावं. वेगळ्या आंध्रसाठी उपोषण करताना पोट्टी श्रीरामुलू यांचं डिसेंबर १९५२ मध्ये निधन झालं, आणि १ ऑक्टोबर १९५३ ला आंध्र राज्य झालं. त्याच वर्षी डिसेंबरात केंद्राने राज्य पुनर्रचना आयोग नेमला. अध्यक्ष होते न्यायमूर्ती सय्यद फज़ल अली, सदस्य हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर. १९५५ मध्ये अहवाल आला आणि १ नोव्हेंबर १९५६ पासून १४ राज्यं व ६ केंद्रशासित प्रदेश असा नवा नकाशा लागू झाला. देशाच्या आजच्या नकाशाचा पाया ज्या आयोगाने घातला, त्याचा अध्यक्ष मुसलमान न्यायाधीश होता, हे आपल्या मुलांना माहीत असावं.

त्या वेळी मराठी माणसाला मात्र स्वतःचं राज्य मिळालं नाही. गुजराती आणि मराठी असं द्विभाषिक मुंबई राज्य झालं. मराठवाडा हैदराबादमधून आणि विदर्भ मध्य प्रदेशातून निघून त्यात आला. मग संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली. त्या चळवळीत डफावर थाप मारून गावोगाव लोक जागे करणाऱ्या शाहीर अमर शेख यांचं मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल, बार्शीचे. शेवटी १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. तेव्हा २६ जिल्हे होते, आज ३६ आहेत. शेवटचा पालघर, १ ऑगस्ट २०१४ ला.

नवं राज्य करायचं किंवा हद्द बदलायची तर अधिकार संसदेला आहे, संविधानाच्या कलम ३ नुसार. संबंधित राज्याच्या विधिमंडळाचं मत मागवलं जातं, पण ते मानायलाच हवं असं बंधन संसदेवर नाही. २ जून २०१४ ला तेलंगणा याच कलमाने झालं. २०१९ मध्ये जम्मू-काश्मीर राज्याचे दोन केंद्रशासित प्रदेश झाले. आपला शेजारी गोवा १९६१ मध्ये पोर्तुगिजांकडून सुटला, आधी केंद्रशासित होता, आणि ३० मे १९८७ ला पूर्ण राज्य झाला.

हद्द बदलली आणि एका मुलीचा दाखला अडला

हे सगळं इतिहासाच्या पुस्तकातलं वाटतं. पण हद्द बदलते तेव्हा ती माणसाच्या कागदातूनही जाते. माझ्या एका विद्यार्थिनीचं उदाहरण सांगते.

तिचे वडील पानाचा धंदा करतात, तांबोळी समाजाचे. आमच्या राज्यात तांबोळी इतर मागासवर्गात, म्हणजे ओबीसीत येतात. मुलीला बारावीनंतर प्रवेशासाठी जातीचा दाखला हवा होता. ओबीसीसाठी नियम असा, की १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीपासून घराणं आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत राहत होतं हे दाखवावं लागतं. भटक्या-विमुक्तांसाठी ही तारीख २१ नोव्हेंबर १९६१ आहे. दुसऱ्या राज्यातून नंतर आलेल्यांना इथला दाखला मिळत नाही, मग जात तीच का असेना.

वडिलांनी पंजोबांच्या शाळेची नोंद शोधून काढली. निजामाच्या काळातली, उर्दूत, सन १३५५ फसली. कचेरीतल्या खिडकीवर कागद बघितला गेला आणि परत मिळाला. का, तर त्यावर "जिल्हा बिदर" लिहिलेलं. "बिदर कर्नाटकात आहे. तिकडे जा." हा माणूस खरंच बिदरला जाऊन आला. तिथे सांगितलं, तुम्ही तर महाराष्ट्राचे. माझ्याकडे आला तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. "मॅडम, पाच दिवसांचा धंदा बुडाला. आम्ही नक्की कुठले, तेवढं सांगा."

उर्दू वाचता येतं म्हणून तो कागद मी नीट वाचला. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन साधारण मिळतं, म्हणजे ही नोंद १९४५-४६ ची. आणि जिल्हा बिदर असला तरी तालुका लिहिला होता उदगीर. इथेच सगळी गुरुकिल्ली होती. १९५६ पर्यंत उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके बिदर जिल्ह्यातच होते. हैदराबाद राज्याची वाटणी झाली तेव्हा बिदर म्हैसूर राज्याकडे, म्हणजे आजच्या कर्नाटकाकडे गेलं, आणि हे तीन तालुके मुंबई राज्यात आले. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यात त्यांची नावं घेऊन तसं लिहिलेलं आहे. आधी ते उस्मानाबाद जिल्ह्यात होते, १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाला तेव्हा त्यात गेले. म्हणजे घराणं जागचं हललंच नव्हतं. हलली ती हद्द.

आम्ही नोंदीचं मराठी भाषांतर केलं, कायद्याच्या त्या पानाची प्रत जोडली, आणि एका पानाचा अर्ज लिहून थेट प्रांत साहेबांपुढे ठेवला. त्यांनी वाचलं, दोन प्रश्न विचारले आणि फाईल पुढे पाठवली. दाखला मिळाला. खिडकीवरच्या माणसाचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. त्याला इतिहास माहीत नव्हता, आणि आपल्यालाही नव्हता. फरक एवढाच, की न माहीत असण्याची किंमत आपण मोजली.

मराठवाड्यातल्या अनेक घरांत असे कागद ट्रंकेत पडलेत. ते फेकू नका. घरातल्या आजोबांना वाचायला लावा, तालुक्याचं नाव आणि सन वेगळ्या कागदावर लिहून ठेवा.

तीन याद्या: कोणाचं काम कोणतं

आता मूळ प्रश्नाकडे. केंद्र आणि राज्य यांच्यात कामाची वाटणी संविधानाच्या सातव्या परिशिष्टात आहे. तिथे तीन याद्या आहेत.

पहिली केंद्राची यादी. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, रेल्वे, टपाल, चलन, नागरिकत्व, पासपोर्ट. यात देशाबाहेरच्या तीर्थयात्रा हाही विषय आहे, म्हणून हजचा कारभार केंद्राकडे. २००२ चा हज समिती कायदा संसदेचा आहे. राज्यांच्या हज समित्या मदतीला असतात, पण कोटा किती आणि विमान कुठून, हे मुंबईच्या मंत्रालयात ठरत नाही.

दुसरी राज्याची यादी. पोलीस आणि कायदा-सुव्यवस्था, सार्वजनिक आरोग्य आणि दवाखाने, शेती, जमीन, पाणी, आणि स्थानिक स्वराज्य संस्था. कब्रस्तान आणि स्मशानभूमी हा विषय स्पष्ट शब्दांत याच यादीत आहे. त्या मुलाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे मिळालं. भिंतीसाठी खासदाराच्या मागे दिल्लीपर्यंत पळायची गरज नाही.

तिसरी समवर्ती यादी, म्हणजे दोघांचीही. शिक्षण, जंगल, लग्न-तलाक-वारसा, धर्मादाय संस्था. शिक्षण आधी राज्याच्या यादीत होतं, १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ते इकडे आलं. या यादीतल्या विषयावर केंद्र आणि राज्य दोघांचे कायदे एकमेकांच्या विरुद्ध गेले, तर सर्वसाधारणपणे केंद्राचा कायदा चालतो. वक्फचं उदाहरण घ्या. १९९५ चा वक्फ कायदा संसदेचा, त्यात २०२५ मध्ये मोठी दुरुस्ती झाली तीही संसदेनेच. पण वक्फ मंडळ मात्र राज्याचं, आणि आपल्या राज्याच्या मंडळाचं मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे आपल्या औरंगाबादला, पाणचक्कीत आहे. कायदा बदलायचा तर दिल्ली, आणि नोंदणीची फाईल हलवायची तर पाणचक्की.

याद्यांमधली गल्लत किती महाग पडते ते शिष्यवृत्तीत दिसतं. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची प्री-मॅट्रिक शिष्यवृत्ती केंद्राची. २०२२-२३ पासून ती फक्त नववी-दहावीला ठेवली गेली. मौलाना आझाद नॅशनल फेलोशिपही केंद्राचीच होती, तीही त्याच वर्षापासून बंद झाली. पण मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ हे महाराष्ट्र सरकारचं आहे, आणि ते शिक्षणासाठी व धंद्यासाठी कर्ज देतं. नाव एकच, सरकारं दोन. फेलोशिप बंद झाल्याची बातमी वाचून काही पालकांनी महामंडळाकडे अर्जच केला नाही. "ते तर बंद झालं ना मॅडम?" असं मला विचारलं गेलंय.

तसंच ओबीसीच्या यादीचं. राज्याची यादी वेगळी आणि केंद्राची वेगळी. राज्यांना आपली यादी करण्याचा अधिकार आहे हे २०२१ च्या १०५ व्या घटनादुरुस्तीने पक्कं केलं. राज्यातल्या कॉलेजला राज्याची यादी लागते, केंद्राच्या संस्थेत किंवा नोकरीत केंद्राची. आपल्या बिरादरीचं नाव दोन्हीकडे आहे का, हे मुलगा बारावीला जाण्याआधीच बघून ठेवा.

जिल्ह्यात दोन शिड्या असतात

राज्याच्या खाली आलं की लोक जास्त गोंधळतात. मी मुलांना सांगते, जिल्ह्यात दोन शिड्या शेजारी-शेजारी उभ्या आहेत.

पहिली शिडी नेमलेल्या अधिकाऱ्यांची, महसूलची. वर विभागीय आयुक्त. राज्यात असे सहा विभाग आहेत: कोकण, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, नागपूर. त्यांच्या खाली जिल्हाधिकारी, मग उपविभागीय अधिकारी. त्यांनाच आपण "प्रांत" म्हणतो. बघा, एके काळी प्रांत म्हणजे अख्खा इलाखा, आता दोन-तीन तालुक्यांचा साहेब. त्यांच्या खाली तहसीलदार, मंडळ अधिकारी आणि तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. जमीन, सातबारा, फेरफार, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, जातीचा दाखला, रेशन कार्ड ही कामं या शिडीवर.

दुसरी शिडी निवडून आलेल्यांची. गावात ग्रामपंचायत, तालुक्याला पंचायत समिती, जिल्ह्याला जिल्हा परिषद. महाराष्ट्रात ही तीन पायऱ्यांची रचना १ मे १९६२ पासून आहे. आज राज्यात ३४ जिल्हा परिषदा आहेत. जिल्हे ३६, मग दोन कुठे गेले? मुंबई शहर आणि मुंबई उपनगर पूर्ण शहरी, तिथे जिल्हा परिषदच नाही. शहरांत नगरपंचायत, नगरपरिषद किंवा महानगरपालिका असते. प्राथमिक शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र, गावचा रस्ता, पाणी, दिवाबत्ती, गटार ही कामं या शिडीवर. उर्दू माध्यमाची जिल्हा परिषद शाळाही इथेच.

या दुसऱ्या शिडीला १९९३ मध्ये ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने संविधानाचा आधार मिळाला. दर पाच वर्षांनी निवडणूक, बायकांना राखीव जागा, वेगळा राज्य निवडणूक आयोग, राज्य वित्त आयोग. महाराष्ट्रात २०११ पासून बायकांना निम्म्या जागा आहेत. आपल्या किती मोहल्ल्यांतून बायका नगरसेविका झाल्या ते आठवून बघा. त्यातल्या किती जणी स्वतः बैठकीला बसतात आणि किती जणींच्या खुर्चीवर शौहर बसतात, तेही आठवा. हक्क कायद्याने दिला, वापरायचा आपल्यालाच आहे.

आणि पाच वर्षांचा नियम संविधानात असूनही, २०२२ पासून राज्यातल्या अनेक महानगरपालिका, नगरपरिषदा आणि जिल्हा परिषदा निवडणुका न झाल्याने वर्षानुवर्षं प्रशासकांच्या हाती होत्या. मुंबई महानगरपालिकेत तर मार्च २०२२ नंतर तीन वर्षांहून अधिक काळ नगरसेवकच नव्हते. म्हणजे तिसरं सरकार कागदावर होतं, पण आपण निवडलेलं माणूस तिथे नव्हतं. तेव्हा गटार तुंबलं तर कुणाला धरायचं हाच प्रश्न होता. जवळचं सरकार नसलं की काय होतं, ते आपण भोगलंय.

जन्माचा दाखला: एक कागद, तीन सरकारं

तिन्ही सरकारं एका कागदात कशी येतात याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे जन्माचा दाखला. कायदा केंद्राचा, १९६९ चा. अंमलबजावणी राज्याची. आणि नोंद करणारा निबंधक गावात ग्रामपंचायतीचा अधिकारी, शहरात नगरपालिका किंवा महानगरपालिकेचा.

२१ दिवसांच्या आत नोंद करायची. एक वर्षाहून जास्त उशीर झाला तर २०२३ च्या दुरुस्तीनंतर जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. म्हणजे मामला दुसऱ्या शिडीवरून पहिल्या शिडीवर जातो. त्याच दुरुस्तीने आणखी एक मोठी गोष्ट झाली. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मतारीख आणि जन्मठिकाणाचा पुरावा म्हणून जन्माचा दाखलाच चालणार आहे, शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत.

म्हणून घरात बाळ झालं की अक़ीक़ा जितक्या काळजीने करतो, तितक्याच काळजीने ही नोंद करा. नाव नंतर ठेवणार असाल तर ठेवल्यावर लगेच दाखल करा. एक वर्षापर्यंत त्याला फी लागत नाही. स्पेलिंग एकच ठेवा. एका कागदावर मोहम्मद, दुसऱ्यावर मोहंमद, तिसऱ्यावर नुसतं एम. डी., असं झालं की दहावीच्या फॉर्मवेळी रडारड होते, दरवर्षी होते. शाळेतली नोंद दुरुस्त करायची तर मूल शाळेत असतानाच करून घ्या, मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव जातो. आधार मात्र केंद्राचं, ते शाळेत दुरुस्त होत नाही.

पैसा कुठून येतो

अधिकार आणि पैसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आयकर केंद्र गोळा करतं. जीएसटी १ जुलै २०१७ पासून दोघं मिळून. तुम्ही दुकानातलं बिल नीट बघा, त्यावर सीजीएसटी आणि एसजीएसटी अशा दोन ओळी असतात. एक दिल्लीची, एक मुंबईची. केंद्र जे कर गोळा करतं त्यातला वाटा राज्यांना मिळतो. पंधराव्या वित्त आयोगाने तो ४१ टक्के ठेवला होता. घरपट्टी-पाणीपट्टी आपल्या पंचायतीची किंवा पालिकेची. तेव्हा "आम्ही कुठे टॅक्स भरतो" असं कुणी म्हणालं तर त्याला साबणाच्या वडीचं बिल दाखवा. तिन्ही सरकारांना आपण पैसे देतो, म्हणून तिघांनाही विचारू शकतो.

तर मग, भिंत कोण बांधणार?

आता त्या मुलाला वर्गात मी काय सांगितलं ते ऐका. आधी सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढा आणि कब्रस्तानची जमीन कुणाच्या नावावर आहे ते बघा. वक्फची असेल तर मंडळाकडे नोंद आहे का ते तपासा, कारण त्यांच्या परवानगीचा प्रश्न येऊ शकतो. ग्रामपंचायतीची असेल तर ग्रामसभेत विषय मांडा आणि ठराव करून घ्या. शहर असेल तर वॉर्डाच्या नगरसेवकामार्फत पालिकेकडे जा. राज्याचा अल्पसंख्याक विकास विभाग अल्पसंख्याक वस्त्यांत कब्रस्तानच्या भिंतीसारख्या सोयींसाठी अनुदान देतो, त्याचा प्रस्ताव जिल्ह्यातून जातो. आमदार निधी आणि जिल्हा नियोजन समिती याही वाटा आहेत.

अर्ज दिला की पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे दिलेलाच नाही, असं समजा. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकार कायदा, २००५ आहे. दहा रुपयांचा अर्ज आणि ३० दिवसांची मुदत. दाखल्यांसाठी महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. कोणता दाखला किती दिवसांत द्यायचा ते कचेरीत लिहिलेलं असायला हवं, नाही मिळाला तर अपील करता येतं.

त्या मुलाने हे सगळं वहीत लिहून घेतलं आणि घरी नेलं. पुढच्या आठवड्यात त्याचे अब्बू शाळेत आले. मला वाटलं तक्रार असेल. ते म्हणाले, "मॅडम, सातबारा काढला. जमीन ग्रामपंचायतीच्या नावावर निघाली. आम्ही दहा वर्षं आमदाराच्या मागे फिरत होतो." १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला मोहल्ल्यातले तीस-चाळीस लोक गेले, चार-पाच बायकाही गेल्या. ठराव झाला. भिंत अजून उभी राहिलेली नाही, अंदाजपत्रकाचं काम चालू आहे. पण कोणतं सरकार, हा प्रश्न आता तिथे कुणी विचारत नाही.

आज संध्याकाळी एक काम करा. एका कागदावर आपल्या सरपंच किंवा नगरसेवकाचं, आमदाराचं आणि खासदाराचं नाव लिहा. पाठ नसतील तर मुलांना विचारा. त्यांनाही येत नसतील, तर सगळ्यांनी मिळून शोधा आणि तो कागद दाराच्या मागे चिकटवा. पुढच्या वेळी काही अडलं, की आधी तो कागद बघा, मग घराबाहेर पडा.